मामंजींचं कासव

मामंजींना रिकाम्या खोलीत चालू राहिलेला दिवा बघवत नसे. आपण वाचता वाचता पाणी प्यायला उठावं, परत यावं, तर आपल्या खुर्चीपाशी अंधार. तेवढ्यात मामंजी येऊन गेलेले असत.

वीज कंपनीत मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "घराला कुलूप असतं आणि मीटरचं चक्र गरगर फिरत असतं, हे मी जन्मभर पाहिलं," ते म्हणत. "माणूस नाही तिथे वीज कोणासाठी? पालींसाठी?" बिलाची त्यांना फिकीर नव्हती, बिल किती आलं हे त्यांनी कधी विचारलंही नाही. त्यांचं ते तत्त्व होतं. त्या तत्त्वापुढे आमच्या घरात फक्त सासूबाईंचं चालायचं, आणि त्या गेल्यावर कोणाचंच चालेना.

उंच, किडकिडीत माणूस. डोक्यावर लोकरीची टोपी, खिशात छोटी बॅटरी. सकाळी बागेतल्या बाकावर पेन्शनरांची बैठक, दुपारी झोप, चहा, संध्याकाळी पुन्हा बाकावर. स्वयंपाकघरात ते यायचे ते दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट चढवायला. पाण्याचा पेलासुद्धा त्यांनी कधी स्वतः भरून घेतला नव्हता. देवाला मानत, पण त्याला फार त्रास देऊ नये असं त्यांचं मत होतं. मी सकाळी प्रार्थनेला बसले की म्हणत, "सूनबाई, लवकर आटप. त्यालाही आंघोळ करायची असेल."

असा माणूस स्वयंपाक शिकला. तो कसा, ते आठवलं की मला आजही मनातल्या मनात हसू येतं.

ह्यांच्या पायावर गोदामातली पेट्यांची चळत कोसळली, तिथून ते सगळं सुरू झालं. एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचं होतं. पण ह्यांचं अन्नावरचं मनच उडालं. इस्पितळाचं ताट समोर आलं की तोंड भिंतीकडे. म्हणायचे, सगळ्याला औषधाचा वास येतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "वजन उतरत चाललंय. अंगात रक्त नाही. असेच राहिले तर मी दुसरं ऑपरेशन करणार नाही, आणि ते नाही झालं तर पाय वाकडाच राहील. घरचं द्या, काहीही द्या, पण ते पोटात गेलं पाहिजे." घरचा डबा फक्त संध्याकाळी आत नेऊ देत.

मी दिवसभर ह्यांच्या उशाशी. दोन्ही मुली शाळा-कॉलेजात. स्वयंपाक करायचा कधी? शेजारच्या नर्सताईंनी आपला स्लो कुकर आणून ओट्यावर ठेवला. "सकाळी भरा, बटण लावा आणि विसरून जा. संध्याकाळी आयतं मिळेल," त्या म्हणाल्या.

दिसायला ते भांडं बुटकं, जाडजूड. आत मातीचं जड पातेलं, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण आणि लाल दिवा. धाकटीने बघताक्षणी त्याचं नाव कासव ठेवलं.

पहिल्या दिवशी मी मसूर, गाजर, बटाटे, कांदा घातला, देवाचं नाव घेतलं आणि निघाले. संध्याकाळी धावतपळत घरी आले. लाल दिवा चालू होता, झाकण कोमट होतं, आणि बटाटा दाताखाली करकरला. वाटलं, माझंच काही चुकलं. दुसऱ्या दिवशी आच वाढवून ठेवली. तरी तेच. घरच्यांसाठी मी ते गॅसवर पुन्हा उकळायला ठेवायची, पण ते शिजेपर्यंत थांबले तर डब्याची वेळ टळली असती, म्हणून वाटेत दुकानातून पाव-दूध घेऊन इस्पितळ गाठायची. हे पावाचा एक तुकडा मोडत आणि बाकीचा चादरीवर ठेवून देत.

"हे कासव नाही गं, दगड आहे," मामंजी मला म्हणाले. "परत करून टाक."

नर्सताई ते आपल्या घरी घेऊन गेल्या. तिथे सगळं लोण्यासारखं शिजलं. "तुमच्याकडे आलं की रुसतं की काय?" असं म्हणत त्यांनी ते परत आणून दिलं.

इकडे ह्यांचं वजन आणखी उतरलं. त्या सकाळी मी प्रार्थनेत सरळच सांगितलं, देवा, पायाचं तू बघ, पण या बटाट्याचं तरी मला कळू दे. आणि माझी खात्री आहे की त्यानेच मला ह्यांच्या एक्स-रेचं पाकीट विसरायला लावलं. बस स्टॉपवर लक्षात आलं, तशी मी माघारी फिरले.

दार उघडून आत येते तर मामंजी स्वयंपाकघरात. टोपी चढवलेली, बूट घातलेले. त्यांनी हात लांब करून कासवाचं बटण बंद केलं आणि वळले.

"मामंजी, हे काय?"

"बाहेर चाललोय."

"ते दिसतंय. भांडं का बंद केलंत?"

"मग? घरात कोण आहे?"

"अहो, ते शिजतंय."

"आल्यावर लावतो ना परत," ते म्हणाले, जणू मी त्यांच्यावर भलताच आळ घेत होते. "रोज लावतो. दुपारी झोपायला जाताना बंद, चहाला उठलो की चालू. संध्याकाळी जाताना बंद, आलो की चालू. एकदाही विसरलो नाही."

मी स्टुलावर बसले. हसावं की रडावं ते कळेना. मी सांगितलं की घरात कोणी नसताना शिजावं म्हणूनच हे भांडं आणलंय. ते त्यांच्या पचनी पडेना.

"माणूस नसताना शिजतं? मग शिजतं कोणासाठी?"

"तुमच्या मुलासाठी," मी म्हणाले. "खाल्लं नाही तर डॉक्टर पायाला हात लावणार नाहीत. पाय कायमचा वाकडा राहील, मामंजी."

वजनाचं मी त्यांना तोवर बोलले नव्हते. ते स्वतः इस्पितळात येत नसत. सासूबाई तिथेच गेल्या होत्या, तेव्हापासून ते फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत, आणि त्यांना तिथल्या बातम्या द्याव्यात असं मला वाटायचं नाही.

मामंजींनी मला स्टुलावरून उठवलं, स्वतः तिथे बसले आणि बूट काढले. बटण पुन्हा लावलं.

"जा तू," ते म्हणाले. "मी इथेच बसतो. मग तर झालं?"

तत्त्व त्यांनी सोडलं नाही. खोलीत माणूस नसताना वीज जळू नये, तर खोलीत माणूस ठेवायचा. बाकावरची बैठक बुडाली, दुपारची झोप स्टुलावर भिंतीला टेकून होऊ लागली. दुसऱ्या दिवशीपासून भाज्या चिरण्याचंही त्यांनी आपल्याकडे घेतलं. नुसतं बसून करायचं काय?

पण शेजारी बसायचं आणि आत बघायचं नाही, हे काही त्यांना जमेना. दर थोड्या वेळाने झाकण वर. नर्सताई म्हणाल्या, झाकण उघडलं की जमलेली सगळी वाफ जाते आणि कासव पुन्हा पहिल्यापासून चालू लागतं. मामंजी हो म्हणत आणि त्यांची पाठ वळली की उघडत. शेवटी थोरलीने कागदावर मोठ्या अक्षरात 'झाकणास हात लावू नये. आदेशावरून.' असं लिहून वर चिकटवलं. लेखी सूचना असली की मामंजींचा विरोध संपायचा. कोणाचा आदेश, हेही त्यांनी विचारलं नाही.

एकदा पाणी इतकं झालं की बटाटे पोहायला उतरल्यासारखे दिसत होते. एकदा सगळ्याची पेस्ट झाली.

"आजोबा, हे दात नसलेल्यांसाठी आहे का?" धाकटीने विचारलं.

"आत्तापासून सवय कर. सगळ्यांवर वेळ येते."

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की बटाटे आणि गाजरं तळाशी, कडेला लावायची, डाळ वर, आणि पाणी जेमतेम बुडेल इतकंच. ज्या दिवशी झाकण काढल्यावर घरभर वास सुटला आणि बटाटा चमच्याने दाबताच फुटला, त्या दिवशी डबा त्यांनी स्वतः भरला. तोही काठोकाठ, आणि झाकण लावताना अर्धी वाटी सांडली. मी पुसलं.

मी तो डबा ह्यांच्यासमोर उघडला. ह्यांनी सवयीने तोंड फिरवलं, मग पुन्हा वळून बघितलं. चमच्याने गाजराचा एक तुकडा वर काढला.

"हे गाजर आहे की दाराला लावायची पाचर?"

"दादांनी चिरलंय."

"कोणी?"

"तुमच्या वडिलांनी. शिजवलंय पण त्यांनीच."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता नर्सला बोलावून माझाच ताप बघायला सांगतील. मग त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला. चावला. बटाटा खाल्ला. आजवर पाण्याचा पेला न भरलेल्या बापाने नेमकं काय केलंय ते बघायचं म्हणून ते वाटीच्या तळापर्यंत गेले.

"सांग दादांना, मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मी घरी येऊन सांगितलं. मामंजी ताठ झाले. "त्याला म्हणावं, मीठ कमी असलं तर वर घालता येतं. जास्त झालं तर काढून दाखव."

दुसऱ्या संध्याकाळी मी हे तिकडे पोचवलं. उलट निरोप आला की कांदा कच्चा लागला. मामंजींनी कळवलं, कांदा नाही, तुझी जीभ कच्ची आहे. या दोघांचं आयुष्यभराचं बोलणं 'जेवलास का' आणि 'हो' याच्या पलीकडे गेलेलं मी पाहिलं नव्हतं. आता मी दोघांच्या मधली टपालवाली झाले. खोड काढायची तर वाटी संपवावी लागे, आणि हे संपवत. पुढे त्यांनी मला दोन वाट्या आणायला सांगितलं. एका वाटीवरून नीट मत देता येत नाही म्हणे.

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन मी देवाचे आभार मानत असे. मी त्याच्याकडे भूक मागितली होती, आणि त्याने बापलेकांचं भांडण पाठवलं. त्याला काय ते बरोबर कळतं.

वजन चढलं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस ठरवला. आदल्या संध्याकाळी मी डबा घ्यायला घरी आले तर मामंजी टोपी आणि बूट घालून तयार. कासव त्यांनी आख्खंच टॉवेलात गुंडाळून हातात धरलं होतं.

"डब्यात निवतं," ते म्हणाले. "मी फाटकापर्यंत येतो. आत नाही."

बसमध्ये ते भांडं त्यांनी मला धरू दिलं नाही. फाटकाजवळ झाडाखाली बाक होता, तिथे ते बसले. मी वर गेले. ह्यांना सांगितलं, दादा खाली आलेत, पण वर यायचं नाही म्हणतात. हे म्हणाले, "चाकाची खुर्ची मिळते का बघ."

वॉर्डबॉयने खाली आणून सोडलं. मामंजींनी मुलावरून पायापासून वर नजर नेली आणि ती चेहऱ्यावर थांबली. "वाळलास," म्हणाले. तेव्हा तर ह्यांच्या गालावर मांस धरलं होतं. आधीचं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी टॉवेल सोडला, वाटी भरली, थोडं बाकावर सांडलं. हे जेवले. दुसरी वाटी मागितली. मामंजी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. खोड काही निघेना तसे ते अस्वस्थ झाले.

"काहीच बोलत नाहीस. बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय, दादा."

"उद्या काय आणू?"

"उद्या काही खायचं नाही म्हणतात."

मामंजींनी मान हलवली. फाटकातून लोक येत-जात होते. त्यांनी रिकामी वाटी ह्यांच्या हातातून घेतली आणि रुमालाने पुसत राहिले.

"मग परवाचं सांग," ते म्हणाले.

ह्यांनी विचार केला. खूप दिवसांनी मी त्यांना जेवणाचा विचार करताना पाहत होते.

"बटाटे जरा जास्त घाला," ते म्हणाले, "आणि गाजरं अशीच चिरा. मोठी."