शालू कोणी पसंत केला?

उमरेडची सोनिका बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या जिभेला जन्मापासून हाड नव्हतं. म्हणूनच समाजशास्त्राच्या झाडे सरांनी तिला बजावलं होतं, "निरीक्षण म्हणजे नुसतं पाहायचं. मधात बोललीस की संशोधन बोंबललं!" विषय होता, लग्नाच्या बस्त्यातला शालू घरात कोण पसंत करतं?

गांधीबागेतल्या दुकानात सावनेरची वरपक्षाची मंडळी बस्ता बांधायला आली होती. सोनिका कोपऱ्यात तोंड मिटून बसली. पण नवरी काही सोबत नव्हती. "आमची सूनबाई अशीच हाय, हिच्याच रंगाची," असं नवरदेवाची आई सोनिकाकडे बोट दाखवून म्हणाली मात्र, दुकानदार एकेक शालू सोनिकाच्याच खांद्यावर टाकू लागला. बिचारी पुतळ्यासारखी उभी राहिली. शेवटी बाईंनी भडक पोपटी शालूवर बोट ठेवलं, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"हा नोका घेऊ वं काकू! जांभळा पाहा, पदर कसा झकास दिसून राहिला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. जांभळाच बांधला गेला.

अहवालात खोटं लिहायचं नाही, हेही सरांनीच शिकवलेलं. 'अंतिम निर्णय कोणी घेतला?' या प्रश्नापुढे सोनिकाने इमानदारीत लिहिलं, 'मी.'