नामीबाईचा वाफा

पहाटे चारला नामीबाई मिठागरात उतरायची. मी साडेचारला. तो अर्धा तास मला आयुष्यभर सलला.

पनवेलच्या खाडीवर आमचे वाफे लागून होते. हंगामाआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो. आम्ही सगळे पाच वेळा तुडवायचो, ती सात वेळा. तरी मिठाची रास माझीच मोठी असे.

१९५५ साली मिठापासून धुण्याचा सोडा बनवणाऱ्या जपानच्या एका कंपनीचा माणूस आला. मिठागराचे मालक म्हणाले, "यांची कंपनी तीन पिढ्यांची आहे. तिकडे मीठ पुरत नाही, म्हणून बाहेरून नेतात. ज्याचं पसंत पडेल त्याला मजुरी जादा."

त्या माणसाने दोन पेल्यांत आमचं मीठ विरघळवलं आणि वाट पाहिली. माझ्या पेल्याच्या तळाशी चिखल बसला. तिचं पाणी नितळ राहिलं.

"जानूदादा, रास वाढवाया तुमी मीठ वढायची फळी खोल घालता," नामीबाई म्हणाली. "मंग तळाचा चिखल पन येतो."

"तुला कोनी इचारलं?" मी म्हणालो. पण ती बरोबर बोलली होती.

पुढची सहा वर्षं जपानच्या बोटीसाठी तिचंच मीठ वेगळं काढलं गेलं. त्या जादा मजुरीतून तिने गावच्या विहिरीला दगडी कठडा बांधून घेतला. ती विहीर माझ्या दारासमोर आहे. मी अजून पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणतो. जाऊन येऊन आठशे पावलं पडतात.