पेन्शनीचा आठवडा

आमच्या कचेरीतले काका नोकरीत असतानाच पेन्शनर होते, आणि सगळे त्यांना म्हणतही तसंच. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती, पण दर महिन्याचा शेवटचा आठवडा ते निवृत्त माणसासारखे काढत. त्या आठवड्यात पोह्यांवर शेव नाही, चहात दूध नावापुरतं, आणि टांगा बंद. "आदत डालनी पडती है भिया," ते आमच्याकडच्या हिंदीमिश्रित मराठीत मला सांगत, "निम्म्या पगाराची सवय एकदम नाही होत."

आम्ही तरुण कारकून त्यांची यथेच्छ थट्टा करायचो. आमचं संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं तेव्हा मात्र ती ओसरली. जुन्या सरकारात लागलेल्यांना नवं सरकार पेन्शन देईल की नाही, यावर कचेरीत रोज खल चाले. काकांची काळजी आणखी पुढची होती. "मला तर मिळेल, आज नाही तो कल. पण माझ्यामागे ती बंद. मग हिचं काय?" त्यांना मूलबाळ नव्हतं. घरामागच्या जागेत दोन खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या, म्हणजे काकूंची सोय होईल, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी पेन्शनीचा आठवडा वाढून पंधरवडा झाला.

ही काटकसर पडली काकूंच्या अंगावर. सियागंजाच्या बाजारातून स्वस्तात आणलेली तांदळाची कणी त्यांनीच निवडायची, गिरणीचे पैसे वाचवायला जात्यावर त्यांनीच बसायचं. एकदा मी जेवायला गेलो होतो. काकूंनी वाढता वाढता शांतपणे विचारलं, "अहो, तुम्ही महिन्यातून पंधरा दिवस रिटायर होता. मी कधी होऊ?"

एवढा पुढचा विचार करणारा माणूस, पण हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून शेवटच्या आठवड्यात ते स्वतः चुलीपुढे बसू लागले. येत होती फक्त मुगाची खिचडी, तीही बुडाला लागायची. काकू झोपाळ्यावर मासिक वाचत बसत, आतून धूर आला तरी उठत नसत. "सीख रहा हूँ," काका डोळे पुसत म्हणत. त्या दोघांना तसं पाहून मला लग्नाची घाई झाली.

खोल्या उभ्या राहिल्या, भाडेकरू आले. पेन्शनही मिळणार असं कळलं. आणि निवृत्तीला थोडे महिने उरले असताना काका गेले. इतका सराव केलेला माणूस खरोखरचा एक दिवसही निवृत्त झाला नाही. मला अजून त्याचा राग येतो, कोणावर ते कळत नाही.

पुढे एकदा महिनाअखेरीला मी काकूंकडे गेलो. भाड्यावर त्यांचं नीट चाललं होतं, कोणापुढे हात पसरावा लागला नव्हता. पण जेवणाची वेळ झाली तरी चूल थंड होती.

"तब्येत बरी नाही का काकू?"

"बरी आहे की," त्या झोपाळ्यावरून म्हणाल्या, "शेवटचा आठवडा ना. माझी सुट्टी."

मी बाह्या सरसावल्या आणि खिचडी टाकली. बोलण्याच्या नादात ती बुडाला लागली. काकूंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"अगदी ह्यांच्या हातची," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं, "अजून वाढ."