बापूचा कप आणि एस्पेरांतो

आज विसळताना कपाचा कान हातातच आला आणि फलटणचं आमचं अंगण आठवलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे वडील, दादा, फौजेतून निवृत्त होऊन एस्पेरांतो शिकले होते. सगळ्या देशांच्या माणसांना बरोबरीनं बोलता यावं म्हणून मुद्दाम घडवलेली ही भाषा त्यांनी मलाही शिकवली.

एकदा ती बोलणारा जपानी पाहुणा घरी आला. आईनं सगळ्यांना कपबशीतून चहा दिला. आमच्या उसाला पाणी देणाऱ्या बापूनं मात्र गोठ्याच्या कोनाड्यातला आपला कानतुटका कप आणला. आईनं त्यात वरूनच चहा ओतला.

"यांचा कप वेगळा का?" पाहुण्यानं एस्पेरांतोत विचारलं.

"त्याच्या आवडीचा आहे," दादा त्याच भाषेत म्हणाले.

"आवं दादा, काय म्हणत्यात पावनं?" बापूनं विचारलं.

"तुझा कप आवडला त्यास्नी."

बापू हसला. कप धुऊन त्यानं कोनाड्यात उपडा घातला.

आता आठवलं की मान खाली जाते. तेव्हा मात्र मी आनंदानं आत पळाले होते, "आई, दादा काय बोललं ते समदं मला कळलं!"