मी न सांगितलेलं वाक्य

“काका, बाबा उठलेत, पण त्यांना बोलता येत नाहीये...” रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या मीनलचा फोन आला. काय झालं असेल ते मला तिथेच कळलं होतं. वेलचेरीच्या आमच्या इमारतीत ते कळणारा मी एकटाच होतो. आठव्या दिवशी तिचे बाबा, सदाशिवराव, गेले. त्याला आता दीड महिना झाला.

सदाशिवराव कराडकडच्या बस डेपोत मेकॅनिक होते. पत्नी गेल्यावर मुलीकडे, इथे तमिळ मुलखात, राहायला आले. मीनल सिरुसेरीला नोकरीला, दिवसभर बाहेर. त्यांना तमिळ येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. मी तंजावरकडचा, पण घरात मराठी बोलणारा. मी भेटल्यावर त्यांना कोण आनंद! “तुमचं मराठी म्हणजे आमच्या खापरपणजोबांचं हो, रावसाहेब,” म्हणून चिडवायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. “इंजिन मिसफायर मारतंय,” म्हणाले. मीनलला रजा मिळेना, म्हणून डॉक्टरांकडे दुभाषा मी. डॉक्टरांनी तमिळमधून नीट समजावलं. ठोके अनियमित पडताहेत. गोळ्यांनी त्यांचा वेग आटोक्यात ठेवता येईल, किंवा भूल देऊन विजेचा झटका दिला तर ताल पूर्ववत होऊ शकेल. पण ताल सुधारला तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. हृदयात गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. “हे त्यांना स्पष्ट सांगा,” असंही ते म्हणाले.

झटक्याचं सांगताच सदाशिवरावांनी माझं मनगट घट्ट धरलं. माझे वडील अर्धांगवायूने सात वर्षं अंथरुणाला खिळून होते. गोळी न थांबवण्याचं, गुठळीचं ते पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. “गोळ्या वेळेवर घ्यायच्या, बस्स,” एवढंच म्हणालो. “सरी, सरी,” सदाशिवराव डॉक्टरांकडे पाहून म्हणाले. ‘बरं, बरं’. त्यांना येणारं तमिळ तेवढंच. डॉक्टरांना वाटलं, सगळं समजलं.

विजेच्या झटक्यानंतर ताल सुधारला. रोज संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर बसून, मनगटावर बोटं ठेवून, काट्यांच्या घड्याळाकडे बघत ते ठोके मोजायचे. एका शुक्रवारी म्हणाले, “दात घासताना रक्त यायचं, म्हणून ती पातळ करणारी गोळी सोडली. दोन आठवडे झाले. इंजिन दुरुस्त झालं की, आता कशाला?”

ती गोळी लगेच सुरू करा, असं म्हणायला हवं होतं. पण आता सांगायचं, तर आधी का लपवलं तेही सांगावं लागणार. मी भ्यालो. “सोमवारी डॉक्टरांना विचारू या,” म्हणालो. दोनच दिवसांनी, रविवारी, मीनलचा तो फोन आला.

तेराव्याला मीनलने त्यांचं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. “बाबा हट्टीच होते, काका. गोळी सोडली, डॉक्टरांचंसुद्धा ऐकलं नाही.” आणि मी मान हलवली... होकारार्थी.

मीनल, तुझे बाबा हट्टी नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. हा कागद छापायला देण्याआधी तुला द्यायचा आहे, घड्याळही. तीनदा तुझ्या दाराशी येऊन परत फिरलो. आज पुन्हा बाकावर बसून, त्यांच्यासारखी मनगटावर बोटं ठेवून स्वतःचे ठोके मोजले. एकही चुकत नव्हता. आता जिना चढतो आहे.