दोर डोंग्यात, मी घाटावर

एकट्यानं डोंगा पाण्यात लोटायची कला मला पहिल्याच प्रयत्नात साधली. डोंगा गेला. फक्त तोही एकटाच गेला!

माझी सासुरवाडी लाखांदूर तालुक्यात, ऐन वैनगंगेच्या काठी. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या मेहुणीला, सुमनला, बघायला अड्याळकडची मंडळी येणार होती. ती पलीकडच्या काठावर उतरणार आणि सासरे त्यांना घरच्या डोंग्यातून आणणार, असं ठरलेलं. नेमकी त्याच सकाळी सासऱ्यांची कंबर धरली!

"मामाजी, मी आणतो ना!" मी म्हणालो. (मी मोहाडीचा कारकून. डोंग्यात आजवर दोनदा बसलेलो, दोन्ही वेळा मधोमध.)

"एकट्यानं जमन का, जवाईबापू? पोरीच्या लग्नाचा सवाल हाय, म्हून इचारून राहिलो."

"त्यात काय आहे!"

घाटाला उतार एकच. त्यामुळे सगळी तयारी वर झाडाखाली करायची, डोंगा उतारावर आणला की लोटायचा आणि जागा मोकळी करायची, हा तिथला रिवाज. मी डोंगा उतारावर आडवा लावला आणि मग तयारीला लागलो. सतरंजी अंथरली. सुरकुत्या काढल्या. पाहुण्यांची पाठ अवघडेल म्हणून घरी जाऊन दोन तक्केही आणले!

तोवर वर म्हशी खोळंबल्या, धुणं घेतलेल्या बाया खोळंबल्या आणि पाण्यात आपल्या डोंग्यातून मासे घेऊन आलेला डोमा ढिवर खोळंबला.

"ओ जवाई! डोंगा लोटून राहिले का बैठक सजवून राहिले?"

"पाचच मिनिटं!"

"मंघापासून पाचच चालू हायेत! माहे मासे वाळून राहिले ना जी! अन् लोटतानी दोर हातात ठेवा!"

मला कोणी शिकवलेलं खपत नाही. शिवाय लोंबता दोर पाहुण्यांसमोर बरा दिसेना. मी त्याची सुबक गुंडाळी केली, तक्क्याशेजारी ठेवली आणि दोन्ही हातांनी असा काही डोंगा लोटला की बायांनी टाळ्याच वाजवायच्या बाकी होत्या! डोंगा धारेला लागला. मी गुडघाभर पाण्यात उभा. पोहता येत नाही. सुमनचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं आणि मला खरोखर रडू येत होतं.

सासरे कंबरेवर हात ठेवून आले. "डोंगा कुठं हाय?"

"निघालाय," मी म्हणालो.

वळणावर धार पलीकडच्या काठाला घासून जाते. तिथं एका तरुणानं पँट गुडघ्यावर सारली, कमरेइतक्या पाण्यात शिरून डोंगा धरला, आईबापांना तक्क्यांना टेकवून बसवलं आणि वल्हं मारत निघाला. नवरा मुलगा!

घाटाजवळ येताच तो थांबला. "पयले म्हशी होऊ द्या जी! मंग मी लावतो!" म्हशी गेल्या. दोर हातात घेऊन त्यानं उडी मारली, आईबापांना उतरवलं आणि दोन हिसक्यांत डोंगा वर झाडाखाली नेला. उतार मोकळा!

सासऱ्यांची कंबर तिथंच सरळ झाली. "पोरगा पसंत हाय!" (मुलगी अजून कोणी बघितलीच नव्हती!) सुमननंही दाराआडून बघून मान डोलावली.

आता घाटावरचं सगळं धाकटे जावई बघतात. वडील जावई म्हणून दोर धरायचा मान मात्र अजून माझाच आहे. फक्त तो आधी झाडाला बांधतात आणि मग माझ्या हातात देतात.