घाईने वाजणारा डिसेंबर

डिसेंबरच्या धुक्यात खडकी बाजारातल्या बेकरीचा वास, भाजलेल्या मनुकांचा आणि लोण्याचा, आमच्या क्वार्टरच्या खिडकीपर्यंत येई. चर्चच्या कमानीवर कागदी चांदण्या लागत, शेकोट्यांचा धूर सकाळभर कडुनिंबांच्या फांद्यांत अडकून राही, आणि साऱ्या कॅन्टोन्मेंटला सणाची चाहूल लागलेली असताना मला मात्र जागरणांच्या रात्री मोजाव्या लागत. तेव्हा मी हिंजवडीतल्या एका कंपनीत होते. अमेरिकेतल्या एका संकेतस्थळावर रॉक संगीताच्या बातम्या आणि नव्या अल्बमांच्या ओळखी चढवणं हे आमचं काम. वर्षभर तिथले संपादक आमच्या चुका काढत; नाताळ आला की सहकुटुंब सुट्टीवर जात, आणि पान मात्र शिळं होता कामा नये, एवढं बजावून जात. घर सोपवून यात्रेला निघालेल्या माणसांसारखे ते निर्धास्त असत, आणि जागरण आमच्या वाट्याला.

बातम्यांना तर ऊत आलेला असे. अमका गायक आजारी असल्याची वदंता, तमक्या वाद्यवृंदाचा निरोपाचा दौरा, भांडून वेगळे झालेले चौघे पुन्हा एकत्र. वर्षभर डोळ्यांत काजळ फासून मरणाची गाणी किंचाळणारे गडीसुद्धा डिसेंबरात घंटा किणकिणवत नाताळची गाणी काढत. सणापुढे सगळ्यांचाच विद्रोह नरम पडतो, हे तेव्हा कळलं. समीक्षेसाठी आलेल्या सीडी मी पिशवीत भरून कंपनीच्या बसने घरी आणी, आणि रविवारी सकाळी त्या बाबांना ऐकवी.

बाबा नागपूरकडचे. कारखान्यातल्या नोकरीसाठी तरुणपणी खडकीला आले आणि इथलेच झाले. वस्तीतल्या भीमगीतांच्या मंडळात ते ढोलकी वाजवत. चौदा एप्रिलच्या रात्री त्यांची थाप पडली की लहान पोरंही झोपेतून उठून येत. मग ऐकू कमी येऊ लागलं. वयामुळे की घराण्यातूनच, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. आधी आईचा आवाज गेला, मग दाराची घंटा, मग रेडिओ. एके दिवशी मी डेकवर मोठ्यानं रॉक लावलं असताना बाबा बाहेरच्या खोलीतून आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली. आई पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून घरात कुणी आवाज कमी कर म्हणालं नाही, शेजाऱ्यांनी भिंत ठोकली तरीसुद्धा.

बाबांचे अभिप्राय मोजके असत. ‘‘हा जमला.’’ ‘‘याच्यात दम नाही.’’ मला रॉकमधलं काय कळत होतं? मी ते शब्द इंग्रजीत सजवून अल्बमांच्या ओळखीत घाली, आणि सातासमुद्रापलीकडचे वाचक त्यावर तावातावाने वाद घालत. खडकीच्या क्वार्टरमधल्या लुंगी नेसलेल्या माणसाचं हे मत आहे, हे त्यांना कळतं तर काय झालं असतं, या विचाराने मला गुदगुल्या होत.

त्या वर्षी मात्र गुदगुल्या झाल्या नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीलाच बाजारातून येताना बाबांना मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही. कुणा भल्या माणसानं दंड धरून ओढलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, कानाचं यंत्र लावा, नाहीतर रस्त्यावर एकटं सोडू नका. बाबांनी दोन्हीला साफ नकार दिला. ‘‘मले गाणं ऐकू येते ना? मंग यंत्र कायले?’’ ते रोज सकाळी पिशवी घेऊन निघत आणि परत येईपर्यंत आई दारात उभी राही. मी ऑफिसात आजारी गायकाची बातमी खरी की खोटी ते तपासत बसे आणि फोन वाजला की दचके. जीव सतत टांगणीला. बसल्या जागी माझा पाय हलत राही. तो शिवणयंत्रासारखा चालतो म्हणून आई लहानपणापासून ओरडे, पण मला स्वतःला त्याचा पत्ताच नसे.

आणि त्या महिन्यात बाबांचा अभिप्राय एकच झाला. सीडी कोणतीही असो, ते मान हलवून म्हणत, ‘‘वाजवणारा घाई करते.’’ संथ, धुक्यासारखं पसरणारं गाणं असलं तरी तेच. मी निमूटपणे लिहीत गेले: ढोलवादन उतावीळ आहे. वाटलं, या वर्षी सगळं जगच घाईत असेल.

नाताळच्या आधीचा तो रविवार. कोवळं ऊन फरशीवर आलं होतं, स्वयंपाकघरात भरताचं वांगं भाजल्याचा खरपूस वास होता. बाबा माझ्यासमोर, डेक आमच्या दोघांच्या मधे स्टुलावर. नवं गाणं रंगात आलं असतानाच वीज गेली. त्या दिवसांत ती अशीच जाई, न सांगता. आवाज मध्येच तुटला आणि खोलीत एवढी शांतता झाली की बाहेर कुणीतरी पायरीवर बादली ठेवल्याचं ऐकू आलं.

बाबांची बोटं चालूच होती.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर खाली होती, माझीही तिच्यामागोमाग गेली, आणि तिथे माझा पाय हलत होता, भराभरा. मी पाय थांबवला. बोटं थांबली.

‘‘संपलं?’’ त्यांनी विचारलं.

म्हणजे इतके रविवार ते मलाच ऐकत होते. जमला, दम नाही, घाई करते, हे सगळे शेरे माझ्याच जिवाचे होते, आणि मी ते सातासमुद्रापार कुणा बिचाऱ्या ढोलवाल्यांच्या नावावर छापले होते. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं. मग पाय पुन्हा सुरू केला, पण या वेळी जाणूनबुजून, सावकाश, जशी मंडळात गाण्याआधी त्यांची पहिली थाप पडे तशी. त्या निःशब्द खोलीत त्यांची बोटं माझ्या पायाबरोबर संथ झाली. कपाळावरच्या आठ्या उतरल्या.

‘‘हा बरा वाजवते,’’ ते म्हणाले. ‘‘घाई नाही.’’

आई हात पुसत दारात आली. ‘‘अगं, लाइट केव्हाची गेलीय. दोघं करताय काय?’’

तेव्हा माझं लक्ष डेककडे गेलं. त्याचा लाल दिवा बाबांच्या डोळ्यांसमोरच होता, आणि विझलेला होता. तो त्यांना दिसला नसेल, असं मला आजवर स्वतःला पटवता आलेलं नाही.

बोटं न थांबवता ते मला म्हणाले, ‘‘त्या मशीनवाल्या डॉक्टरकडं कधी जायचं म्हणतेस, माय?’’

बाबा उत्तराची वाट बघत राहिले, माझ्या ओठांकडे नाही, पायाकडे पाहत.